ट्रान्सफॉर्मर कागदावर पुरतो, मग उन्हाळ्यात एसीबी का ट्रिप होतो? थ्री-फेज करंटच्या हिशेबातील चुका आणि त्यांचे निवारण

भोसरी, चाकण आणि तळेगाव या पट्ट्यात गेली वीस-बावीस वर्षे एलटी (कमी दाबाची) पॅनेल आणि सबस्टेशनची कामे करताना एक तक्रार मी जवळजवळ दर उन्हाळ्यात ऐकत आलो आहे. ट्रान्सफॉर्मर निवडताना केलेल्या हिशेबाप्रमाणे त्याच्यावर सत्तर टक्क्यांहून अधिक भार नाही, तरीही एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी मुख्य एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) ओव्हरलोडवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, तेलाच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेलेला असतो आणि एसीबी पुन्हा चालू केला तरी तासाभराने तेच घडते. अशा बहुतेक ठिकाणी दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा एसीबीमध्ये सापडत नाही. तो सापडतो ट्रान्सफॉर्मर घेताना केलेल्या करंटच्या हिशेबात, आणि तो कागद बहुधा कोणीच पुन्हा उघडून पाहिलेला नसतो.

गेल्या उन्हाळ्यात भोसरीतील एका मशीन शॉपमध्ये हाच प्रकार होता. तेथे २२ केव्ही/४३३ व्होल्टचा ५०० केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकाराने मोजलेली एकूण शक्ती) ट्रान्सफॉर्मर आहे, एलटी बाजूला ८०० अँपिअरचा एसीबी आहे आणि त्याचे ओव्हरलोड सेटिंग ०.८, म्हणजे ६४० अँपिअरवर ठेवलेले होते. फाइलमधील हिशेब असा होता: सर्व मोटारी मिळून ४६० एचपी, त्याला ०.७४६ ने गुणून ३४३ किलोवॉट, ते १.७३२ आणि ४१५ व्होल्ट यांच्या गुणाकाराने भागून ४७७ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरची क्षमता त्याच सूत्राने ६९६ अँपिअर, म्हणून भार ६९ टक्के. मेंटेनन्स पाहणारे गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, ट्रान्सफॉर्मर सातशेचा आहे आणि सेटिंग सहाशे चाळीसचं. सेटिंग ०.९ करून द्या, ट्रिपिंग थांबेल.” ट्रिपिंग थांबले असते हे खरे, पण त्यानंतर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला वाचवणारे तेथे काहीच उरले नसते. मी सेटिंगला हात लावण्याचे नाकारले आणि आधी तो कागद तपासायला घेतला. त्या कागदावर चार वेगवेगळ्या चुका होत्या, आणि त्यांपैकी दोन एकमेकींना झाकत होत्या.

पहिली गोष्ट सूत्राची. त्या कागदावर १.७३२ आणि ४१५ ची जोडी बरोबर होती, पण इतरत्र चूक येथूनच सुरू होते. केव्हीएला १००० ने गुणायचे आणि १.७३२ गुणिले लाइन व्होल्टेज याने भागायचे, की लाइन करंट मिळतो, हे आयटीआयपासून सर्वांना पाठ असते. तरीही घाईत १.७३२ च्या जागी ३ येतो किंवा लाइन व्होल्टेजच्या (दोन फेजमधील) जागी फेज व्होल्टेज (फेज आणि न्यूट्रलमधील) येते. थ्री-फेज यंत्रणेची एकूण शक्ती म्हणजे तीन फेजच्या शक्तींची बेरीज, म्हणून फेज व्होल्टेज घेतले तर गुणक ३ असतो. लाइन व्होल्टेज हे फेज व्होल्टेजच्या १.७३२ पट असल्यामुळे लाइन व्होल्टेज घेतले की तोच गुणक १.७३२ होतो. या दोन जोड्यांची सरमिसळ झाली की उत्तर बिघडते, आणि बिघडलेल्या उत्तरावरूनच चूक ओळखता येते. ५०० केव्हीएसाठी ४०२ अँपिअर आले असतील, तर कोणीतरी ४१५ ला ३ ने गुणले आहे. १२०३ आले असतील, तर २४० व्होल्टला १.७३२ लावले आहे. ११५५ आले असतील, तर ४३३ व्होल्ट घेऊन १.७३२ पूर्णपणे विसरून हिशेब सिंगल-फेजचा झाला आहे. हे तीन आकडे मी माझ्या हाताखालच्या मुलांना मुद्दाम पाठ करायला सांगतो, कारण तयार तक्त्यातील चूक शोधताना सूत्रापेक्षा त्यांचा उपयोग लवकर होतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट माझ्या मते हीच आहे. वितरण ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर एलटी बाजूला ४३३ व्होल्ट लिहिलेले असते, पॅनेलवर आपण ४१५ म्हणतो आणि कित्येक मोटारींच्या प्लेटवर ४०० किंवा ४१५ असते. ५०० केव्हीएला ४३३ ने हिशेब केला तर ६६७ अँपिअर येतात, ४१५ ने ६९६ आणि ४०० ने ७२२. यांपैकी ट्रान्सफॉर्मरचा अधिकृत पूर्ण-भार करंट एकच आहे, तो म्हणजे ६६७, आणि तो नेमप्लेटवर स्पष्ट कोरलेला असतो. ४३३ हे बिनभाराचे व्होल्टेज आहे. भार वाढत गेला की वाइंडिंगच्या अंतर्गत इम्पिडन्समुळे (करंटला होणाऱ्या अडथळ्यामुळे) व्होल्टेज उतरते आणि पूर्ण भाराला, नेहमीच्या पॉवर फॅक्टरवर (किलोवॉट भागिले केव्हीए), ते ४१५ च्या आसपास येते. त्या वेळी वाइंडिंगमधून मात्र ६६७ अँपिअरपेक्षा अधिक करंट न्यायची परवानगी नसते, कारण तांब्याची जाडी आणि तेलाची थंड करण्याची ताकद त्या आकड्यासाठी ठरवलेली असते. याचा अर्थ असा की ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टवर प्रत्यक्षात सुमारे ४७९ केव्हीएच देतो. उरलेले २१ केव्हीए कोणी चोरलेले नाहीत. ट्रान्सफॉर्मरची रेटिंग बिनभाराच्या व्होल्टेजवर मोजण्याची पद्धतच तशी आहे. भोसरीच्या कागदावरचे ६९६ येथेच २९ अँपिअरने फुगलेले होते. म्हणून सोपा नियम असा ठेवावा की ट्रान्सफॉर्मरची क्षमता काढताना ४३३ घ्यावे, म्हणजे दर केव्हीएला १.३३ अँपिअर, आणि लोडचा करंट काढताना मशीनजवळ खरोखर मिळणारे व्होल्टेज घ्यावे, म्हणजे ४१५ वर दर केव्हीएला १.३९ अँपिअर. एकाच हिशेबात दोन व्होल्टेज वापरणे अनेकांना खटकते, पण येथे ते बरोबर आहे.

उरलेल्या तीन चुका किलोवॉटच्या. मोटारीच्या प्लेटवरील एचपी किंवा किलोवॉट ही शाफ्टवर मिळणारी शक्ती असते, तारेतून घेतली जाणारी नव्हे. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर ३४३ किलोवॉट शाफ्टवर देण्यासाठी ३८१ किलोवॉट तारेतून घ्यावे लागतात. त्याला पॉवर फॅक्टरने भागल्यावर केव्हीए मिळतात, आणि ट्रान्सफॉर्मर केव्हीए ओळखतो, किलोवॉट नाही. त्याच्या तांब्यातील उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते आणि त्या करंटने किती उपयोगी काम झाले याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. दुसऱ्या बाजूने, सर्व मोटारी एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, म्हणून मागणी गुणकही लावावा लागतो. त्या कागदावर कार्यक्षमता, पॉवर फॅक्टर आणि मागणी गुणक या तिन्ही गोष्टी नव्हत्या. शॉप सुरू झाले तेव्हा मागणी गुणक ०.७ च्या घरात होता आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल नवे होते, पॉवर फॅक्टर ०.९७. त्या काळातला खरा करंट ३८० च्या जवळपास होता, म्हणजे कागदावरच्या ४७७ पेक्षा बराच कमी, आणि म्हणून हिशेब ‘सुरक्षित’ आहे अशी सर्वांची समजूत झाली. कार्यक्षमता विसरल्याने उत्तर लहान झाले होते आणि मागणी गुणक विसरल्याने मोठे. दोन चुका एकमेकींना झाकत राहिल्या.

नंतर ऑर्डर वाढल्या, तीन शिफ्ट सुरू झाल्या आणि मागणी गुणक ०.९ वर गेला. ०.९ कार्यक्षमतेने भागणे आणि ०.९ मागणी गुणकाने गुणणे यांचा परिणाम योगायोगाने शून्य होतो, त्यामुळे प्रत्यक्ष मागणी पुन्हा ३४३ किलोवॉटच आली. पण दरम्यान कपॅसिटर पॅनेलच्या २५ केव्हीएआरच्या आठ टप्प्यांपैकी पाच बंद पडले होते आणि मोटारींचा पॉवर फॅक्टर ०.८४ वर उतरला होता. ३४३ भागिले ०.८४ म्हणजे ४०८ केव्हीए, आणि ४१५ व्होल्टवर ५६८ अँपिअर. त्याच कागदावरचे तेच ३४३ किलोवॉट, पण करंट ४७७ नव्हे, ५६८. दुपारी लाइनवरचे व्होल्टेज उतरून पॅनेलवर ४०५ मिळत होते, आणि मोटारी तेवढीच शक्ती घेण्यासाठी अधिक करंट ओढतात, म्हणून तो ५८२ पर्यंत जात होता. उन्हाळ्यात दुपारीच ट्रिपिंग का होते, याचे निम्मे उत्तर येथे आहे. उरलेले निम्मे पत्र्याच्या शेडमधील तापलेल्या पॅनेलमध्ये.

तरीही ५८२ म्हणजे ६४० नव्हे. मग एसीबी का ट्रिप व्हावा? येथे क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तिन्ही फेज वेगवेगळे मोजले: आर फेजवर ७१८, वाय वर ६८९ आणि बी वर ५८३ अँपिअर. पॅनेलवरचा मीटर सरासरी दाखवत होता, ६६३, आणि ती ६६७ च्या आत असल्यामुळे कोणाला शंका आली नव्हती. पण सरासरी कोणत्याही वाइंडिंगमधून वाहत नाही. डीवायएन११ जोडणीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एलटी बाजू स्टारची असते, म्हणून आर लाइनमधील ७१८ अँपिअर तसेच्या तसे आर वाइंडिंगमधून वाहतात. ७१८ हे ६६७ च्या सुमारे ७.७ टक्के अधिक, आणि उष्णता वर्गाने वाढत असल्यामुळे त्या एका वाइंडिंगच्या तांब्यात जवळजवळ १६ टक्के अधिक उष्णता. तेलात बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या साध्या कागदी इन्सुलेशनसाठी प्रचलित नियम असा आहे की सर्वांत तप्त बिंदूचे तापमान ६ अंशांनी वाढले की झीज दुप्पट वेगाने होते. एसीबीने ६४० च्या सेटिंगवर ७१८ पाहून कधी पाऊण तासाने, कधी तासाभराने ट्रिप होणे हे त्याचे कर्तव्यच होते.

आर आणि वाय वरचा हा जादा करंट आला कुठून? फॅब्रिकेशनच्या कोपऱ्यात २० केव्हीएचे तीन जुने वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर होते, टू-फेज, आणि तिन्ही आर आणि वाय यांच्यामध्येच जोडलेले. पहिला ज्या आयसोलेटरवर बसला, त्याच्याच शेजारी सोय पाहून दुसरा आणि तिसरा बसवला गेला. भाराच्या यादीत मात्र त्यांची नोंद ‘६० केव्हीए’ अशी एका ओळीत, आणि त्याला थ्री-फेजचे सूत्र लावून ८३ अँपिअर. हे ८३ तेव्हाच खरे ठरतात जेव्हा तीन संच आर-वाय, वाय-बी आणि बी-आर असे वाटून जोडलेले असतात. तिन्ही एकाच जोडीवर असतील, तर ६० केव्हीए भागिले ४१५ व्होल्ट म्हणजे १४५ अँपिअर दोन लाइनमधून वाहतात आणि तिसरीतून शून्य. येथे १.७३२ येतच नाही. हे १४५ मोटारींच्या करंटमध्ये सरळ अंकगणिताने मिळवायचे नसतात, कारण दोन्हींचे कोन वेगळे असतात. कमी पॉवर फॅक्टरचा भार आर-वाय मध्ये असेल तर आर वर तो जवळजवळ पूर्ण मिळतो आणि वाय वर थोडा कमी. ७१८ आणि ६८९ मधला फरक त्यामुळेच आहे. सदिश बेरीज करण्याइतका वेळ नसेल तर सुरक्षित बाजूने सरळ बेरीज धरावी, पण ती फेजनिहाय करावी.

वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या मोठ्या सोसायट्यांत हीच चूक वेगळ्या रूपात येऊ लागली आहे. ७.४ किलोवॉटचा सिंगल-फेज ईव्ही चार्जर ३२ अँपिअर घेतो, आणि पार्किंगच्या एका ओळीतील सगळे चार्जर केबलच्या सोयीने एकाच फेजवर गेले, तर ‘एकूण भार कमी आहे’ हे वाक्य खरे असूनही एक फेज आणि न्यूट्रल तापतात.

मोजमापाबद्दल थोडे सावध करतो. क्लॅम्प मीटर ट्रू-आरएमएस असलाच पाहिजे. सीएनसी मशीन आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असलेल्या शॉपमध्ये करंटची लहर साइन राहत नाही आणि साधा मीटर तेथे बहुधा कमी आकडा दाखवतो. असा मीटर पाहून कित्येकांनी ‘करंट तर बरोबर आहे’ असे सांगून काम संपवलेले मी पाहिले आहे. रुंद बसबारवर जबडा बसत नाही तेथे लवचीक कॉइलचा मीटर वापरावा. मोजणी एकदाच करू नये. सकाळी, भर दुपारी आणि शिफ्ट बदलताना अशी किमान तीन वेळा करावी, आणि प्रत्येक वेळी तिन्ही फेजचे करंट, न्यूट्रलचा करंट, लाइन व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर लिहून ठेवावे. चालू पॅनेल उघडून हे काम परवानाधारक माणसानेच करायचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

एचटी (उच्च दाबाच्या) बाजूचा हिशेब लहान असला तरी पुण्यात तो हमखास चुकतो, कारण आपल्याकडे ११ केव्ही आणि २२ केव्ही अशी दोन्ही जाळी आहेत. ५०० केव्हीएला ११ केव्हीवर २६.२ अँपिअर लागतात आणि २२ केव्हीवर १३.१. ११ केव्हीच्या साइटची फाइल २२ केव्हीसाठी नक्कल करताना केव्हीएचा आकडा बदलतो पण व्होल्टेज तसेच राहते, मग एचटी फ्यूज, सीटीचे (करंट ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर आणि रिलेचे सेटिंग सगळे दुप्पट मोठे होते आणि ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हरलोडकडे एचटी संरक्षण पूर्ण डोळेझाक करते. ही चूक ट्रिप करून दाखवत नाही, म्हणून ती अधिक घातक. उंचीमुळे क्षमता कमी होण्याची काळजी मात्र पुण्यात करू नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि मानकातील मर्यादा १००० मीटरची आहे. महाबळेश्वरला एखाद्या हॉटेलचे काम घेतले तर तो प्रश्न खरा आहे.

भोसरीत आम्ही काय केले ते सांगतो. प्रथम वेल्डिंगचे तीन संच तीन जोड्यांवर वाटले. एका रविवारचे काम, खर्च फक्त केबलचा. मग कपॅसिटर पॅनेलचे पाच टप्पे, म्हणजे १२५ केव्हीएआर, पुन्हा सुरू केले. व्हीएफडी असल्यामुळे डीट्यून रिअॅक्टर जागेवर आहेत आणि गरम होत नाहीत, याची खात्री त्याआधी केली, कारण हार्मोनिक (करंटची बिघडलेली लहर) असलेल्या ठिकाणी नुसते कपॅसिटर वाढवणे कधी कधी करंट कमी करण्याऐवजी वाढवते. शेवटी, दिवसभराच्या व्होल्टेजची नोंद पाहून, ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी बंद करून आणि अर्थिंग करून, टॅप (वाइंडिंगचे वेढे बदलून व्होल्टेज वर-खाली करणारा स्विच) एक पायरी बदलला. हा ऑफ-सर्किट टॅप आहे. चालू स्थितीत त्याला हात लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. एक पायरी २.५ टक्क्यांची असते, तिच्यामुळे दुपारचे ४०५ व्होल्ट ४१५ झाले, आणि रात्री भार नसताना व्होल्टेज फार वर जात नाही हेही पुढचे आठ दिवस पाहिले.

हिशेबाने मोटारी आणि वेल्डिंग मिळून ३८१ किलोवॉट, पॉवर फॅक्टर सुमारे ०.९४, ४०७ केव्हीए आणि दर फेज ५६६ अँपिअर यायला हवे होते. प्रत्यक्ष मोजणीत तिन्ही फेज ५५५ ते ५८० च्या दरम्यान मिळाले. सेटिंग ६४० वरच आहे आणि मे महिनाभर एसीबी एकदाही ट्रिप झाला नाही.

त्यानंतर मालकांनी विचारले की याच ट्रान्सफॉर्मरवर ७५ एचपीचा आणखी एक कॉम्प्रेसर चालेल का. जुन्या पद्धतीने ५६ किलोवॉट, म्हणजे ७८ अँपिअर. ४७७ मध्ये मिळवून ५५५, आणि ६९६ पर्यंत भरपूर जागा. खरा हिशेब असा: कार्यक्षमता ९३ टक्के धरून तारेतून ६० किलोवॉट, स्वतःच्या कपॅसिटरसह पॉवर फॅक्टर ०.९४ धरून ६४ केव्हीए, म्हणजे ८९ अँपिअर. ५६६ मध्ये मिळवले की ६५५ होतात. ६६७ च्या आत केवळ १२ अँपिअर उरतात, ६४० चे सेटिंग आधीच ओलांडलेले असते, आणि एक कपॅसिटर टप्पा बंद पडला की पुन्हा गेल्या एप्रिलची स्थिती येते. म्हणून मी नाही म्हणालो.

काहींनी त्यांना थेट १००० केव्हीए घेण्याचा सल्ला दिला होता. तो मला पटला नाही. नेमप्लेटवर इम्पिडन्स ५ टक्के असेल, तर १००० केव्हीएचा पूर्ण-भार करंट १३३३ अँपिअर आणि एलटी शॉर्ट सर्किटचा करंट सुमारे २६.७ किलोअँपिअर होतो. त्यांचे सध्याचे पॅनेल २५ किलोअँपिअरचे आहे. ट्रान्सफॉर्मर बदलला की पॅनेल आणि एसीबीही बदलावे लागतील, शिवाय बिनभाराचा लोखंडी तोटा चोवीस तास भरावा लागेल. ६३० केव्हीए घेतला तर पूर्ण-भार करंट ८४० अँपिअर, ४.५ टक्के इम्पिडन्सवर शॉर्ट सर्किट करंट १८.७ किलोअँपिअर आणि पॅनेल तसेच राहते. ८०० अँपिअरचा एसीबी पूर्ण सेटिंगवर ठेवला तरी ट्रान्सफॉर्मरच्या ९५ टक्क्यांवर संरक्षण देतो. कॉम्प्रेसरसह भार ६५५ अँपिअर, म्हणजे ७८ टक्के. २२ केव्ही बाजूला १३.१ ऐवजी १६.५ अँपिअर होतात, म्हणून सीटी आणि रिले पुन्हा तपासावे लागतील, आणि मागणी ४७१ केव्हीएवर जात असल्यामुळे महावितरणकडे कंत्राटी मागणी वाढवण्याचा अर्ज आधी करावा लागेल. तो अर्ज मंजूर होऊन ६३० बसेपर्यंत नवा कॉम्प्रेसर जुन्या कॉम्प्रेसरच्या जागी आळीपाळीने चालवायचा, दोन्ही एकदम नाही, असे इंटरलॉक आम्ही पॅनेलमध्ये बसवले आहे.